मधला डोस राहिला, मग पुन्हा पहिल्यापासून का?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी ११ महिन्यांची. बाळंतपण माहेरी, आर्वीला झालं. जन्माच्या, दीड महिन्याच्या आणि अडीच महिन्यांच्या लसी तिथेच झाल्या. साडेतीन महिन्यांची राहिली, कारण आधी पोरीला ताप होता, मग दिराचं लग्न आलं, मग ऊन तापलं. नऊ महिन्यांचीही झालेली नाही. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल का? सध्या नाक वाहतंय, थांबावं का? सरकारी दवाखान्यातली लस बरी, की खासगीतली बिनातापाची? घरात ६४ वर्षांचे सासरे आहेत, शुगरचे पेशंट. मोठ्या माणसांना काही लसी असतात का?

ताई, पहिल्यापासून काहीच करायचं नाही. जिथे थांबलात तिथून पुढे. झालेले डोस शरीर विसरत नाही. दोन डोसांमध्ये किमान ४ आठवडे जावे लागतात, जास्त गेले तर आधीचं वाया जात नाही. लवकर उरकून टाका म्हणत तिसऱ्या आठवड्यात आलेल्यांना मी परत पाठवतो. उशिरा आलेल्यांना कधीच परत पाठवत नाही.

तुमचा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर घेतोय, कारण तो शेकडो घरांचा आहे. लस नकोच, असं ठणकावून सांगणारी घरं माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये बोटांवर मोजण्याइतकी. लस राहते ती ‘थोडं बरं वाटू दे’, ‘लग्न आटपू दे’, ‘ऊन उतरू दे’ यातच. आणि गोवर काही लग्न आटपायची वाट पाहत नाही. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो, इतका तो पसरट. २०२२ च्या शेवटी मुंबईत आणि मालेगावात तो उसळला, तेव्हा लसी राहून गेलेली लहान पोरंच त्यात जास्त सापडली होती.

आता वाहत्या नाकाचं. सर्दी, खोकला, बारीक ताप, दोन-चार पातळ शी, सुरू असलेलं अँटिबायोटिक, बाळ अंगानं बारीक असणं, यातलं एकही लस पुढे ढकलायचं कारण नाही. माझ्याकडे आज्या येतात आणि सुनेच्या आधी त्याच बोलतात: “डॉक्टरसाहेब, पोट्टं आधीच सर्दीनं बेजार हाये, त्यात अजून सुई कायले देता जी?” मी त्यांना सांगतो, आजी, या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या व्हायच्याच. नाक कोरडं व्हायची वाट पाहत बसलो तर पोट्टं शाळेत जाईल. तापानं फणफणलेलं बाळ, भरती करावं लागेल असं आजारी बाळ, यांना थांबवतो. तेही बरं होईपर्यंतच. लस कायमची टाळायची वेळ फार थोड्यांवर येते. आधीच्या त्याच लसीनंतर अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असेल, किंवा डांग्या खोकल्याचा अंश असलेल्या लसीनंतर ७ दिवसांत मेंदूचा गंभीर त्रास झाला असेल, तर ती लस पुन्हा देत नाहीत. केमोथेरपी किंवा जास्त मात्रेची स्टेरॉइड्स चालू असलेल्या मुलाला जिवंत लसी, म्हणजे गोवरासारख्या, कमजोर केलेल्या जिवंत जंतूच्या लसी, देत नाहीत. तुमच्या पोरीला यातलं काही नाही.

तिला त्या दिवशी काय काय मिळेल ते सांगतो, म्हणजे ऐनवेळी धसका बसणार नाही. पेंटाचा तिसरा डोस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, काविळीतली ब आणि हिब जंतूचा न्यूमोनिया-मेंदूज्वर, असे पाच रोग एका सुईत. तोंडानं पोलिओ. पोलिओचीच छोटी सुई, कातडीत. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरच्या, न्यूमोकोकल लसीचा राहिलेला दुसरा डोस. नऊ महिन्यांची गोवर-रुबेला. जपानी मेंदूज्वराची लस, कारण ती देशभर सगळीकडे नसली तरी आपल्या भागात आहे. अ जीवनसत्त्वाचा डोस. आणि जुलाबांवरच्या रोटाव्हायरस लसीचा तिसरा. रोटाव्हायरसच्या बाबतीत एक गोंधळ होतो. खासगीत ८ महिन्यांनंतर तो पाजत नाहीत, तर सरकारी केंद्रात वर्षाच्या आत सुरू झालेला असेल तर पूर्ण करून देतात. तुम्ही सरकारी केंद्रात गेलात तर मागून घ्या.

म्हणजे दोन मांड्या आणि दोन दंड मिळून चार-पाच सुया. ऐकायला क्रूर वाटतं. आया म्हणतात, दोन आज द्या, दोन पुढच्या महिन्यात. मी नाही म्हणतो, कारण पुढचा महिना येतो तेव्हा घरात दुसरं काहीतरी निघतं. एकावेळी अनेक लसी दिल्यानं बाळावर ताण पडत नाही. घरात रांगताना तोंडात घातलेल्या एका चपलेवर यापेक्षा कितीतरी जास्त जंतू असतात. तोडून द्यायच्याच झाल्या तर एक नियम पाळावा लागतो: सुईच्या दोन जिवंत लसी एकतर एकाच दिवशी, नाहीतर मध्ये ४ आठवडे सोडून. न्यूमोकोकलचा बूस्टर मात्र या डोसानंतर ८ आठवड्यांनी. मग १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ. हा दुसरा गोवर डोस सगळ्यात जास्त विसरला जातो, कारण वर्षाचा वाढदिवस झाला की घराला वाटतं, लसी झाल्या.

कार्ड आर्वीलाच राहिलं असेल तर मागवून घ्या. हरवलं असेल तर तिथल्या आशाताईंना फोन करा, केंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंद असते. अलीकडच्या बाळांची यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर मोबाईल नंबरानंही सापडते. कुठेच काही मिळालं नाही तर दिलेली नाही असं धरून आम्ही देतो. एखादा डोस जास्त झाल्यानं बिघडत नाही. बीसीजीच्या, म्हणजे क्षयाच्या लसीच्या, व्रणासाठी डावा दंड तेवढा पाहतो. आणि तिथे व्रण नसला तरी, दिल्याची नोंद असेल तर बीसीजी पुन्हा देत नाही.

एक तक्रार तुम्हालाही भेटेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. माझ्याच भाचीला एका केंद्रावरून “आज गोवरला दोनच पोरं आहेत, पुढच्या वेळी या” म्हणून परत पाठवलं होतं. त्यामागचं कारण असं: गोवर-रुबेला आणि बीसीजी कोरड्या पावडरीच्या रूपात येतात आणि एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात. पाणी घालून कालवली की ४ तासांत संपवायची, नाहीतर फेकायची, कारण त्यात जंतू वाढू शकतात. पेंटाची उघडलेली कुपी नियमानं ठेवली तर २८ दिवस चालते, हिला तशी मुभा नाही. कुपी वाया गेली की सिस्टरला हिशेब द्यावा लागतो, हे मला समजतं. पण एकच बाळ आलं तरी कुपी उघडायची, असाच सरकारी नियम आहे. नम्रपणे, पण उठून न जाता, तेवढं म्हणा. आणि कुपीवर उघडल्याची वेळ लिहिलेली असते, ती पाहायला लाजू नका.

कुपीवर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. लेबलवर किंवा झाकणावर जांभळट गोल आणि त्याच्या आत पांढरट चौकोन. कुपी उष्णतेत राहिली की तो चौकोन हळूहळू गडद होत जातो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेपर्यंत लस चालते. रंग सारखा झाला की नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही दाखवून समजावता येतं, इतकं सोपं आहे ते.

पण हा चौकोन उष्णता ओळखतो, गोठणं ओळखत नाही. आणि नागपुरात लोक उन्हाला इतके भितात की नेमकं तेच करून बसतात. एका मे महिन्यात, बाहेर ४५ अंश, एक वडील सीताबर्डीच्या औषधाच्या दुकानातून आदल्या दिवशीच लस घेऊन आले. बिचाऱ्यांनी काळजीनं ती घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाच्या ट्रेला टेकवून ठेवलेली. माझ्याकडे आली तेव्हा विरघळलेली होती. मी कुपी हलवून टेबलावर ठेवली. चांगली लस हलवली की एकसारखी दुधट दिसते आणि तशीच बराच वेळ राहते. हिच्यात दूध फाटल्यासारखे कण दिसले, काही मिनिटांत ते तळाशी बसले आणि वर स्वच्छ पाणी उरलं. पेंटा, ब कावीळ, धनुर्वात या लसी एकदा गोठल्या की कायमच्या गेल्या. देताना बाळ तेवढंच रडतं, संरक्षण मात्र शून्य. ते पैसे त्यांनी टाकले, मी सुई दिली नाही. लसीला २ ते ८ अंश लागतात, त्याच्या वर नाही आणि खालीही नाही. म्हणून लस दवाखान्यातलीच घ्यावी. दुकानातून आणावीच लागली तर त्याच वेळी, लसीच्या डब्यातून, थेट दवाखान्यात. गाडीच्या डिकीत नाही, खिशात नाही, बर्फाला चिकटवूनही नाही.

सरकारी की खासगी, याचं माझं उत्तर लोकांना आवडत नाही. सरकारी कार्यक्रमातली लस दुय्यम नाही. खासगीतल्या बिनातापाच्या सुईत डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक तुकडे असतात, त्यामुळे ताप-सूज कमी. सरकारी पेंटात तो अख्खा मारलेला जंतू असतो, म्हणून एक रात्र किरकिर होते. पण अख्ख्या जंतूनं आलेली प्रतिकारशक्ती जास्त टिकते. हजारो रुपये हाताशी असतील आणि रात्रीची किरकिर नको असेल तर खासगी घ्या, काही हरकत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते सरकारी यादीत नसलेल्या लसींसाठी राखा. त्यात माझ्या मते पहिली टायफॉइडची नवी लस, ६ महिन्यांनंतर कधीही, एकच डोस. पाणीपुरी आणि उन्हाळ्यातल्या बर्फाच्या गोळ्यांच्या या शहरात तर नक्कीच. मग गालगुंड, कांजण्या, अ कावीळ, फ्लू. याशिवाय मुलगी ९ वर्षांची झाली की गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची, एचपीव्हीची. १४ वर्षांपर्यंत दोन डोस पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये एका डोसाचा पर्यायही मान्य केला आहे.

लसीनंतरच्या रात्रीचं. पेंटानंतर ताप यायचा असेल तर पहिल्या २४ तासांत येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, गरज पडली तर ६ तासांनी पुन्हा. इथे एक जीवघेणी चूक होते. बाळांचे थेंब १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे असतात आणि साधं सिरप ५ मिलीत १२५ चं. ८ किलोच्या बाळाला थेंब १ मिली, ते सिरप साधारण ४ मिली. सिरपचं प्रमाण लक्षात ठेवून थेंबाच्या बाटलीतून चमचाभर पाजलं की पाचपट डोस गेला. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. मांडी चोळू नका, गरम शेक नको, हळद-चुना नको. ओल्या फडक्याची घडी पुरे. गोवराच्या लसीचा ताप मात्र त्याच दिवशी येत नाही, ५ ते १२ दिवसांनी येतो, कधी अंगावर बारीक पुरळही. दहाव्या दिवशी आजी म्हणते गोवर निघाला. तो लसीचाच, आपोआप जातो. सलग तीन तास न थांबता रडणं, अंग ढिलं पडणं, झटका, दोन दिवसांपुढे गेलेला ताप, यात मात्र लगेच डॉक्टर. आणि लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच बसा. जीवघेणी ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला होते, पण होते ती बहुधा याच अर्ध्या तासात आणि तिचं औषध तिथेच असतं.

गोवरच्या लसीनं मूल ऑटिझमचं होतं, हा मेसेज अजून फिरतो. तो ज्या १९९८ च्या इंग्लंडमधल्या लेखातून निघाला तो लेख नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांवर लक्ष ठेवून २०१९ मध्ये निकाल आला: संबंध नाही. यावर यापेक्षा जास्त वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा विदर्भाच्या आईबापांना एक गोष्ट ठासून सांगायची आहे, जी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना रोज सांगावी लागत नाही. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. या मुलांची पानथरी लहानपणीच काम करेनाशी होते आणि न्यूमोकोकससारखे जंतू रक्तात गेले तर काही तासांत पोर हातचं जातं. त्यांच्यासाठी न्यूमोकोकलचे बाळपणीचे डोस एक दिवसही लांबवू नका. दोन वर्षांनंतर न्यूमोकोकलची वेगळी लस, मेंदूज्वराच्या मेनिंगोकोकसची लस, टायफॉइड आणि दरवर्षी फ्लू, हे सगळं त्यांच्या यादीत जोडलं जातं. शिवाय ५ वर्षांपर्यंत रोजचं पेनिसिलिन. घरात कुणाला सिकलसेल असेल तर पोरीची तपासणी याच फेरीत करून घ्या.

आता सासरे. आपल्याकडे मोठ्या माणसाची लस म्हणजे टीटी, धनुर्वाताची सुई. आणि तीही खिळा लागला, टीटी, संक्रांतीला मांज्यानं बोट कापलं, टीटी, वर्षात तीनदा. एवढी लागत नाही. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ जखमेला १० वर्षांत आणि मातीच्या-गंजाच्या जखमेला ५ वर्षांत एकदा झालेली पुरते. नुसत्या टीटीऐवजी आता घटसर्पासह येणारी टीडी देतात. सरकारनं ती २०१९ मध्येच आणली. तुमच्या सासऱ्यांना टीटीपेक्षा गरज आहे ती फ्लूची, दरवर्षी. पावसाळ्याआधी घेतलेली उत्तम, थंडीच्या तोंडावरही चालते. २०१५ मध्ये स्वाइन फ्लूनं या शहरात जे केलं ते ज्यांनी वॉर्डात पाहिलं ते याबद्दल वाद घालत नाहीत. दुसरी न्यूमोनियाची. त्यात प्रकार आहेत, कोणती आणि किती ते त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांना ठरवू द्या. ब काविळीचे तीन डोस झाले नसतील तर तेही विचारा. आणि नागीण. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं आपल्याकडे म्हणतात. तसं काही नाही, पण वळ बरे झाल्यावरही महिनोन्महिने राहणारी ती आग ज्यांनी भोगली त्यांना विचारा. ५० वर्षांनंतर घ्यायची तिची लस आता भारतात मिळते, २ ते ६ महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. महाग आहे, पण परवडत असेल तर घ्या म्हणेन.

सासरे करोनाच्या लसीनं हार्ट अटॅक येतो म्हणून आता सगळ्याच सुयांना घाबरत असतील, तर सांगा: तरुणांच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेनं ४७ रुग्णालयांमधून अभ्यास केला. त्यात लसीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही. दिसलं ते घरात आधी कुणाचा असा मृत्यू, दारू, जास्तीची मेहनत.

कुत्र्याचं तुम्ही विचारलं नाही, पण नागपुरात राहता म्हणून सांगतो. चावला की आधी नळाखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना, तंबाखू लावू नका. पोटातल्या १४ सुया गेल्या, ती लस भारतात २००४ पासूनच बंद आहे. आता दंडात, शून्य, ३, ७ आणि २८ व्या दिवशी कातडीत, किंवा खोल सुई असेल तर १४ व्या दिवशी आणखी एक. रक्त निघालं असेल तर जखमेच्या आजूबाजूला सीरमही लागतं, आणि तेच लोक टाळतात कारण ते दुखतं. कुत्रा १० दिवस जिवंत राहतो का ते बघू, म्हणून लस थांबवायची नाही. आधी सुरू करायची, मग कुत्रा बघायचा.

सिस्टर कोणत्या वारी बसतात ते आशाताईंना आजच विचारून घ्या. जाताना पोरीला बिनबाह्यांचं झबलं घाला, घट्ट लेगिंग नको, दोन्ही मांड्या आणि दंड उघडे मिळाले की सुया पटापट होतात. सुईच्या वेळी अंगावर पाजत राहा, कमी रडेल. रोटाव्हायरस पाजल्यानंतरही लगेच अंगावर घेतलं तर चालतं. आणि सिस्टरनं पुढची तारीख लिहिली की उठायच्या आधी कार्डाचा फोटो काढून नवऱ्याला आणि आर्वीला आईला, दोघांनाही पाठवून ठेवा.